माल्कमसाहेब आणि 'कुटुंब' हा शब्द

माहीमसारख्या ठिकाणी पेशवाईच्या अखेरीविषयी बोलावयाचे, तर प्रारंभ खाडीपलीकडून करणेच सोयीचे. येथून उत्तरेला साष्टी आणि साष्टीच्या पलीकडे वसई. चिमाजी आप्पांनी 1739 साली पराक्रमाची शर्थ करून जी वसई घेतली, त्याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांच्याच कुळातल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि आपली मान कंपनी सरकारच्या हाती दिली. त्यानंतर साडेपंधरा वर्षांनी, 3 जून 1818 रोजी, अशीरगडाच्या परिसरात तोच बाजीराव इंग्रजांच्या छावणीत चालत आला आणि राज्याचा कारभार आटोपला. ज्याच्या छावणीत तो आला, त्या ब्रिगेडियर जनरल जॉन माल्कमचे चरित्र आणि कुटुंब हा आमचा आजचा विषय.

माल्कमविषयी आमच्याकडे फारसे कोणी बोलत नाही. एल्फिन्स्टनचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कारण त्याच्या नावाचे कॉलेज झाले. माल्कमच्या वाट्याला महाबळेश्वरची माल्कम पेठ आली आणि टाउन हॉलात एक संगमरवरी पुतळा. वास्तविक हा मनुष्य 1827 ते 1830 मुंबईचा गव्हर्नर होता. गव्हर्नराचा परळचा वाडा, ज्या वास्तूत पुढे हाफकिन संस्था नांदू लागली, तो आपल्या माहीमपासून किती दूर? आमच्या मते पेशवाईचा शेवट ज्या एका कागदाने झाला, तो त्याने लिहिला एवढ्यासाठी तरी मराठी माणसाने त्याची ओळख करून घेतली पाहिजे. त्या कागदात एक शब्द होता. त्या शब्दाचा हिशेब पुढे चाळीस वर्षे चुकता झाला नाही. पण त्याकडे वळण्यापूर्वी माल्कमचे घर पाहू.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर एस्कडेल नावाचे खोरे आहे. तेथे बर्नफूट येथे जॉर्ज माल्कम नावाचा एक गृहस्थ दुसऱ्याची जमीन करून मेंढरे पाळीत असे. त्याला सतरा मुले झाली, दहा मुलगे आणि सात मुली. त्यांतला जॉन 2 मे 1769 रोजी जन्मला. (वेलिंग्टनचा जन्मही त्याच महिन्यातला आणि त्याच वर्षाचा. पुढे हे दोघे जिवलग मित्र झाले.) बाप व्यापाराच्या सट्ट्यात बुडाला, कर्ज डोक्यावर बसले. आता घरात सतरा तोंडे आणि जमीन ती परक्याची. हे चित्र आपणांस अपरिचित वाटणार नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत हेच होते. तोटक्या शेतीवर पोट भरेना म्हणून मुलगा पडशी खांद्यावर टाकून घाट चढे आणि देशावर कोणा सरदाराच्या पदरी कारकुनी धरी. श्रीवर्धनचे भट असेच घाटावर आले आणि पेशवे झाले.

बर्नफूटच्या मुलांना घाट नव्हता. त्यांना समुद्र होता. त्यांचे आजोळ पासली घराण्याचे. एक मामा लंडनला व्यापारी, दुसरा आरमारात वर चढलेला. या मामांच्या वशिल्याने एकेक पोर बाहेर पडले. जॉनला बारा-तेराव्या वर्षी कंपनीच्या संचालकांपुढे उभे केले, तेव्हा एकाने विचारले म्हणतात, 'काय रे, हैदर अली भेटला तर काय करशील?' पोराने उत्तर दिले, तलवार काढीन आणि त्याचे डोके उडवीन. त्याची निवड झाली. ही गोष्ट त्याच्या चरित्रकाराने सांगितली आहे, आणि चरित्रकारांच्या अशा गोष्टींना आम्ही थोडा कसर देऊन घेतो. परंतु 1783 साली हे पोर मद्रासेस उतरले हे मात्र खरे.

भावांचे म्हणाल तर पल्टनी आरमारात गेला, ॲडमिरल झाला आणि सेंट हेलेना बेटावर नेपोलियन कैदेत असताना तेथल्या आरमाराचा अधिकारी होता. जेम्स दर्यावर्दी पलटणीत नावाजला. 1815 साली जेम्स, पल्टनी आणि जॉन या तिघाही सख्ख्या भावांना एकाच वर्षी 'सर' हा किताब मिळाला. चार्ल्स हाही आरमारातलाच. तो पुढे कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा मुख्य झाला, आणि त्याच्याच अमदानीत 20 मार्च 1830 रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुवेझला निघाली. म्हणजे एके काळी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एक भाऊ आणि आरमाराचा प्रमुख दुसरा भाऊ! आमच्याकडे असे झाले असते तर इंग्रज इतिहासकारांनी त्यास 'ब्राह्मणी घराणेशाही' म्हणून दोन पाने खर्ची घातली असती.

मात्र येथे एक भेद आहे आणि तो डोळ्यांआड करून चालणार नाही. आमच्या सरदाराने कर्तबगारीवर सरंजाम मिळवला की तो मुलाचा होई, मुलांत वाटणी होई, आणि वाटणीतून भाऊबंदकी. माल्कम कुळातल्या कोणाची जागा मुलाकडे गेली नाही. वशिल्याने दार उघडे, पण मनुष्य संपला की जागा संपली. माल्कमला एक मुलगा आणि चार मुली; मुलाला गव्हर्नरी मिळावी असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. 'कुटुंब' म्हणजे काय आणि त्याला काय पोचते, याविषयी त्या लोकांची कल्पना आणि आमची कल्पना मुळातच निराळी होती.

माल्कमचा खरा भाग्योदय तलवारीने झाला नाही, फारसीने झाला. 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात फारसी जाणणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचे महत्त्व पाहून या उनाड सैनिकाने मुनशी ठेवला आणि भाषा पक्की केली. मग तीन वेळा इराणची वकिली आणि 1815 साली इराणचा मोठा इतिहास. बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला 1803 साली वेलस्ली पुण्याकडे निघाला, तेव्हा माल्कम त्याच्या छावणीत होता. त्याच युद्धानंतर दौलतराव शिंद्यांकडून बोलणे करायला विठ्ठलपंत नावाचे वृद्ध मुत्सद्दी आले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा म्हणून हलेना. माल्कमने त्यांचे नाव एका विलायती पत्त्यांच्या खेळावरून 'ओल्ड ब्रॅग' असे ठेवले, कारण असा चेहरा त्या खेळात हुकमी. पुढे वेलिंग्टनला त्याने विचारले, फ्रान्सचा तो प्रसिद्ध तालेराँ कसा काय वाटला? वेलिंग्टन म्हणाला, पुष्कळसा ओल्ड ब्रॅगसारखा, पण तितका हुशार नाही. विठ्ठलपंतांना हे प्रशस्तिपत्र कळले नसेल. आम्हाला कळले आहे, आणि आम्ही ते जपून ठेवले आहे.

माल्कमचा दोष असा की समोरचा मनुष्य गोड बोलला की याचे मन पाघळे. ऑगस्ट 1817 मध्ये साताऱ्याजवळ माहुली येथे बाजीरावाने त्याला भेटीस बोलावले. जूनच्या पुणे करारात इंग्रजांनी अडकवून ठेवलेले सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले त्या भेटीनंतर परत मिळाले. एल्फिन्स्टन मनातून साशंक होता. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली तेव्हा कोणाचे खरे हे ठरले. माल्कम त्या वेळी उत्तरेस होता. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूर येथे क्षिप्रेचे पात्र ओलांडून होळकरांच्या तोफांवर जी चाल झाली, तिचा नायक तोच. पळत्या फौजेचा पाठलाग घोडदळ घेऊन त्यानेच केला, आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह करून होळकरशाहीचे दात त्यानेच पाडले.

इकडे बाजीराव रानोमाळ पळत होता. 20 फेब्रुवारीस अष्टी येथे बापू गोखले पडले. 17 एप्रिलला शिवणी येथे उरलीसुरली फौज फुटली. मे महिन्यात त्याचे वकील महू येथे माल्कमकडे आले. एल्फिन्स्टनकडे गेले नाहीत, यात बाजीरावाची माणसे ओळखण्याची हुशारी दिसते. 1 जूनला खैरी येथे दोघांची भेट झाली. बाजीराव रडला, जुनी ओळख काढली. माल्कमने त्याच रात्री अटी पाठविल्या आणि उत्तराला एका दिवसाची मुदत दिली.

आता त्या अटी नीट पाहा. पहिली अट अशी की बाजीरावाने स्वतःपुरता आणि आपल्या वारसांपुरता पुण्याच्या राज्यावरील प्रत्येक हक्क सोडावा. पुढे असे की त्याने हे मान्य केल्यास त्याला स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी सढळ नेमणूक मिळेल. रक्कम गव्हर्नर जनरल ठरवील, पण ती सालीना आठ लाखांहून कमी असणार नाही, याची हमी माल्कम स्वतः घेतो. शिवाय त्याच्यापायी बुडालेल्या जहागीरदारांसाठी आणि ब्राह्मणांसाठी, देवस्थानांसाठी तो जो शब्द टाकील त्याचा आदर केला जाईल.

सज्जनहो, राज्य सोडताना शब्द आला 'वारस'. पैसा घेताना शब्द आला 'कुटुंब'. नेमणूक वंशपरंपरा, असे कागद म्हणत नाही. हयातीपुरती, असेही म्हणत नाही. आमच्या भाषेत तर आणखी मौज. जुन्या वळणाचा गृहस्थ 'आमचे कुटुंब' म्हणतो तेव्हा त्याला केवळ बायको अभिप्रेत असते. आणि खटल्याच्या घरातला मनुष्य कुटुंब म्हणतो तेव्हा त्यात चुलते, पुतणे, दत्तक, आश्रित, सारे येतात. ज्या माल्कमचे स्वतःचे कुटुंब तेव्हा हजारो मैलांवर विलायतेत होते आणि ज्याचा जन्म सतरा भावंडांत गेला, त्याच्या मनात या शब्दाची कोणती मर्यादा होती? आमचा कयास असा की हयातीपलीकडचा विचार त्याने त्या रात्री केलाच नाही. त्याला लढाई थांबवायची होती. अशीरगडावर किल्लेदार शिंद्यांचा, पण मन बाजीरावाकडे; पावसाळा तोंडावर. ही रक्कम युद्धाच्या आणखी एका हंगामाच्या खर्चापुढे काहीच नाही, असे त्याने वरिष्ठांना बजावले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला आठ लाख फार वाटले. पण शब्द दिला गेला होता, आणि हेस्टिंग्जने तो पाळला. बाजीराव ब्रह्मावर्तास गेला.

माल्कमला कुटुंबाचा अर्थ कळतच नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईस गव्हर्नर असताना येथल्या सुप्रीम कोर्टाशी त्याचे जे प्रसिद्ध भांडण जुंपले, ते पुण्याच्या एका घरावरूनच. पांडुरंग रामचंद्र ढमढेरे या सरदाराच्या घरी मोरो रघुनाथ नावाचा नात्यातला मुलगा होता. त्यास कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम मुंबईच्या न्यायाधीशांनी 1828 साली काढला. माल्कमने तो अंमलात येऊ दिला नाही. त्याचे म्हणणे, दक्षिणेतल्या सरदारांना आम्ही शब्द दिला आहे; त्यांच्या घरात मुंबईच्या कोर्टाचे शिपाई शिरले तर त्या शब्दाला अर्थ काय राहिला? न्यायमूर्ती ग्रँट इतके संतापले की त्यांनी 1 एप्रिल 1829 रोजी कोर्टालाच कुलूप घातले. शेवटी प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. हक्कांच्या दृष्टीने पाहता न्यायमूर्तींची बाजू अगदीच लटकी होती असे आम्ही म्हणणार नाही. सरकारला जाब विचारणारे कोर्ट हे रयतेचे संरक्षणच असते. पण सरदाराचे घर हे सरदाराचे, ही गोष्ट माल्कमला पुरती समजत होती, एवढे यावरून दिसते.

बाकीची गव्हर्नरी आपण झपाट्याने संपवू. 1829 साली वाईकडचे खंडाळे गाव साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना देऊन त्याने महाबळेश्वर घेतले. 10 नोव्हेंबर 1830 रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई सोडली. घरी जाऊन 1831 साली लॉन्सेस्टन येथून पार्लमेंटात शिरला आणि मतदानसुधारणेच्या बिलाला विरोध करीत बसला. ज्या पद्धतीने बड्या उमरावांच्या खिशातल्या मतदारसंघांतून सभासद निवडले जात, तीच पद्धत त्याला उत्तम वाटे; स्वतःही तशाच दाराने आत आला होता. 30 मे 1833 रोजी लंडन येथे त्याचा मृत्यू झाला. लँगहोमजवळच्या डोंगरावर त्याच्या नावाचा दगडी स्तंभ उभारला गेला.

बाजीराव मात्र जगला. कंपनीच्या हिशेबनिसांच्या सर्व अपेक्षा ओलांडून बत्तीस वर्षांहून अधिक जगला. औरस मुलगा राहिला नाही, म्हणून 1827 साली वेणगावच्या घराण्यातला धोंडोपंत दत्तक घेतला. जानेवारी 1851 मध्ये बाजीराव वारला आणि धोंडोपंत, म्हणजेच नानासाहेब, यांनी नेमणूक मागितली. त्यांचे म्हणणे सरळ होते: राज्य सोडल्याच्या मोबदल्यात ही रक्कम, आणि ती कुटुंबासाठी, राज्य तर तुम्ही परत देत नाही, मग मोबदला कसा थांबवता? डलहौसीने उत्तर दिले की नेमणूक व्यक्तीची होती. पेशव्यांना आजवर अडीच कोटींहून अधिक पोचले. ते अठ्ठावीस लाखांची मत्ता कुटुंबाला ठेवून गेले आहेत. मागे राहिलेल्यांचा सरकारवर काही हक्क नाही. म्हणजे अठ्ठावीस लाख मोजताना ब्रह्मावर्तात कुटुंब होते, आठ लाख देताना ते नाहीसे झाले.

नानासाहेबांनी अजीमुल्लाखानास अर्ज घेऊन 1853 साली लंडनला धाडले. ज्या कंपनीपुढे सत्तर वर्षांपूर्वी बर्नफूटचे ते पोर उभे राहिले होते, तिच्याच संचालकांपुढे हा अर्ज गेला. तो फेटाळला गेला. कागद लिहिणाऱ्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. 'कुटुंब' लिहिताना तुझ्या मनात काय होते, हे विचारायला कोणी उरले नव्हते. अजीमुल्लाखान परतीच्या वाटेवर तुर्कस्तानात उतरला, क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांची फौज हाल काढताना त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि मग तो ब्रह्मावर्तास आला.