चिमटा कोणाच्या हातातून पडला?

कोयनानगरचा आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: धरण आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. मी इतिहासात पीएच.डी. करतोय हे कळल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी मात्र तिसरंच विचारलं. काका सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त झालेत. म्हणाले, "काय रं, जन्मभर थुंकीच्या स्लाइडी बघितल्या आमी. तुमच्या इतिहासात आमचं कुठं काय असतंय का?"

तेव्हा उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचं उत्तर. तुमच्यापैकी जे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीकडून संशोधनाकडे वळू बघताय, आणि जे प्रबंधाला विषय शोधताय, त्या दोघांसाठीही.

सुरुवात १८९६ च्या मुंबईपासून करू. प्लेग आला आणि सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली आणि हाताखाली माणसं मिळाली एक कारकून आणि तीन शिपाई. काही महिन्यांतच लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ असते. पण फ्लास्कमध्ये तुपाचे थेंब तरंगत ठेवून जंतू वाढवायचे, फ्लास्क ठरावीक वेळी हलवायचे, बाटल्या उकळायच्या, बुचं बसवायची, हे रोजचं काम एकट्या माणसाचं नव्हे. ते करणारे हात मला भेटलेल्या पुस्तकांत आकड्यापुरतेच येतात: 'तीन शिपाई'.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथे भरलेली लस दूर पंजाबात जायची. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस टोचली. त्यातल्या '५३-एन' या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले.

चौकशी आयोग बसला. त्याने ठपका ठेवला परळवर: बाटली उघडण्याआधीच दूषित होती. हाफकिन यांचं पद गेलं. पण साक्षींमध्ये दोन बारीक गोष्टी नोंदलेल्या होत्या. एक, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच तो बुचासाठी वापरला गेला. दुसरी, बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळपासून आठवडेच्या आठवडे आत वाढत असते, तर घाण वास आला असता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे मुद्दे लावून धरले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ साली.

आता जरा थांबा आणि बघा. सगळं काम सुरळीत चालू असताना मदतनीस कागदावर कुठेच नाही. चिमटा पडला आणि तो कागदावर आला. म्हणजे टेक्निशियनची नोंद होते ती चूक झाल्यावर. म्हणून विषय शोधणाऱ्यांना माझं सांगणं: गौरवग्रंथ नंतर वाचा, आधी चौकशी अहवालांतल्या साक्षी, हजेरीपट आणि पगारपत्रकं बघा. हात तिथे सापडतात.

मग पुढे काही बदललं का? बदललं. काकांच्या थुंकीच्या स्लाइडचंच घ्या. १९९७ पासूनच्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात साधारण एक लाख वस्तीमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र ठरलं. आमच्यासारख्या डोंगरी भागात पन्नास हजारांमागे एक. टेक्निशियनने प्रत्येक निकाल रजिस्टरमध्ये लिहायचा, पॉझिटिव्ह असेल तर लाल शाईने. स्लाइड्स फेकायच्या नाहीत. त्यातल्या काही नमुना म्हणून निवडून दुसरीकडे पुन्हा तपासल्या जातात आणि तपासणाऱ्याला पहिला निकाल सांगत नाहीत. चूक सापडते, तीही कोणी दगावण्याची वाट न बघता.

पण सहीचा प्रश्न उरतोच. अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. रुग्णाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण हात एकाचा आणि सही दुसऱ्याची, ही जुनी रचना त्यात कायम राहिली. या क्षेत्रात येताना हे माहीत असू द्या.

वाट साधारण अशी आहे: बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी, मग एमएस्सी, मग पीएच.डी. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांना पहिल्यांदाच देशपातळीवर आयोग दिला आणि शिक्षणाचे तासही ठरवून दिले: सहायक आरोग्य व्यावसायिकाला किमान २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६००. तेव्हा प्रवेश घेण्याआधी फी विचाराल तसे तासही विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, प्रत्यक्ष लॅबमध्ये किती वेळ, हे लेखी घ्या. नुसतं 'शंभर टक्के नोकरी' वाचून पैसे भरू नका.

आणि कामाला लागलात की रजिस्टर नीट लिहा. तारीख, नमुन्याचा क्रमांक, निकाल, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. काकांना मी आता हेच सांगितलं, की तुमचा इतिहास पुस्तकात नाही, त्या रजिस्टरमध्ये आहे.

ते म्हणाले, "मग ती रद्दीत जायच्या आधी ये की बघायला."

येत्या सुट्टीत जातोय.