शहामृगाचे कवच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते भूगोल शिकवीत. मी मराठीचा माणूस. नामशेष प्राण्यांच्या अवशेषांविषयी मी बोलणे हा अधिकाराचा अतिक्रमच आहे. परंतु त्यामागे माझी एक जुनी चूक आहे आणि ती याच वास्तूत घडली.

१९८१ च्या सुमारास मी येथे मराठी शिकवीत असे. 'आपला माळवा' या निबंधात नववीच्या एका मुलाने लिहिले, की पूर्वी या भागात शहामृग हिंडत. मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली, समासात 'आफ्रिका!' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. ''सर, उज्जैनला एका व्याख्यानात ऐकलं होतं,'' तो म्हणाला. ऐकीव गोष्टी निबंधात घालू नयेत, असे मी त्याला बजावले.

माझा सारा भरवसा शब्दांवर होता. जुन्या काव्यांत मोर, हंस, चक्रवाक पानोपानी भेटतात; शहामृग मला कोठे भेटला नव्हता. त्याचे नावही परके. त्यातला 'मृग' म्हणजे हरिण नव्हे. तो फारसी 'मुर्ग', म्हणजे पक्षी. फारसीत या प्राण्याला 'शुतुरमुर्ग' म्हणजे उंटपक्षी म्हणतात. ज्याला आपल्या भाषेत घरचे नाव नाही तो आपल्या भूमीवर नसणार, असे माझे अनुमान. आपले सर्वांत जुने वाङ्मय धरले तरी ते तीन-साडेतीन हजार वर्षांपलीकडे फारसे जात नाही, हे मला ठाऊक होते. त्यापूर्वीच्या काळाविषयी साक्ष देण्याचा अधिकार मीच भाषेला देऊन बसलो होतो.

साक्ष वेगळ्याच ठिकाणी होती. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्यांपैकी एकावर समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये फुल्यांची कोरीव नक्षी आहे. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. भीमबेटका येथेही या कवचाचे मणी मिळाले. ही शैलाश्रयांची मालिका १९५७ साली जगापुढे आणली ती उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी, म्हणजे आपल्यांतल्याच एकाने. मुलगा जे ऐकून आला होता, ते असे भक्कम होते.

कवचच का टिकले, हेही पाहण्याजोगे आहे. कोंबडीच्या अंड्याची टरफले आपण रोज केरात टाकतो. शहामृगाचे कवच सुमारे दोन मिलिमीटर जाड असते. ते चुनखडीच्याच द्रव्याचे. हाड कुजते, झिजते. हे बऱ्याचदा शाबूत राहते. त्यावरील सूक्ष्म छिद्रांची ठेवण पाहून जाणकार पक्षी ओळखतात. तरीही शंका घेणारे होतेच. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह राजस्थान व मध्य प्रदेशातील अशा जुन्या कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतील शहामृगाशी जवळचे नाते सांगणारा निघाला.

आता खरा प्रश्न येतो. हा पक्षी उडत नाही. तो जेथे जेथे होता तेथे त्याचे पूर्वज चालत गेले असले पाहिजेत, आणि चालायला मोकळी, गवताळ, कोरडी भूमी हवी. शिवालिकच्या टेकड्यांत त्याच्या प्राचीन नातलगांची हाडे मिळाली आहेत. मंगोलिया आणि चीनमध्येही कवचे मिळतात. अरबस्तानातील शहामृग तर विसाव्या शतकापर्यंत जिवंत होता. बंदुकांनी आणि मोटारींनी तो संपवला. म्हणजे आफ्रिकेपासून आशियाच्या आतल्या भागापर्यंत त्याचे राज्य होते. शाळेच्या भिंतीवरील नकाशात आज आफ्रिकेत रंगवलेला त्याचा प्रदेश हा त्या राज्याचा उरलेला तुकडा आहे. मी तो तुकडाच मूळ समजलो.

पाटण्याचा तो मनुष्य कोणती भाषा बोलत असेल, याचा विचार मी अलीकडे वारंवार करतो. कवचावर रेषा कोरणाऱ्याजवळ त्या पक्ष्याला हाक मारायला शब्द असणारच. तो शब्द आपल्यापर्यंत आला नाही, तुकडा आला.

तो मुलगा आज माजी विद्यार्थ्यांच्या रांगांत आहे किंवा कसे, मला दिसत नाही. डोळे आता तितके साथ देत नाहीत. असल्यास त्याने कार्यक्रमानंतर भेटावे. त्याचा अर्धा गुण माझ्याकडे बाकी आहे.