काटो, काझुहिको

(२१ मार्च १९४७ – ऑक्टोबर २००९). जपानी रॉक गिटारवादक, गायक, संगीतकार व ध्वनिमुद्रण-निर्माता. जन्म क्योटो येथे. त्याच्या तरुणपणी जपानमधील ध्वनिमुद्रिका-कंपन्या गीतकार व संगीतकार यांना कराराने बांधून ठेवीत. गायकाने काय गावे व ते कसे मुद्रित व्हावे, हे बहुधा कंपनीच ठरवी. ही घडी मोडण्यात काटोचा वाटा मोठा आहे.

विद्यार्थिदशेत १९६५ मध्ये त्याने किटायामा ओसामू (पुढे मनोविकारतज्ज्ञ) याच्यासह ‘फोक क्रुसेडर्स’ हा गायकवृंद स्थापन केला. १९६७ मध्ये वृंदाने स्वखर्चाने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या अवघ्या ३०० प्रती होत्या. तीतील एका विनोदी गीतातील मद्यपी मोटारचालक मरून स्वर्गात जातो व तेथूनही हाकलला जातो. ध्वनिफितीची गती बदलून गायकाचा आवाज चिरका केलेला होता. हे गीत नभोवाणीवरून गाजले. डिसेंबर १९६७ मध्ये तोशिबा कंपनीने ते प्रसिद्ध केले व त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. हौशी तरुणांच्या या करामतीने व्यावसायिकांना मागे टाकले. यानंतरचे ‘इमजिन नदी’ हे विभागलेल्या कोरियावरील गीत मूळ उत्तर कोरियातील. जपानमधील उत्तर कोरियावादी संघटनेने हरकत घेताच फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रकाशनाच्या आदल्या दिवशी ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी वृंद विसर्जित झाला.

१९७२ च्या सुमारास पत्नी मीका, ढोलवादक टाकाहाशी युकिहिरो व गिटारवादक टाकानाका मासायोशी यांना घेऊन त्याने ‘सॅडिस्टिक मीका बँड’ उभारला. पेरीच्या १८५३ मधील आगमनाचा संदर्भ असलेली ‘कुरोफुने’ (काळे जहाज, १९७४) ही त्यांची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका. तिचा निर्माता क्रिस टॉमस हा इंग्रज होता. स्वतंत्र निर्माता ध्वनीला कसा आकार देतो, हे जपानी वादकांना त्यामुळे जवळून पाहावयास मिळाले. १९७५ मध्ये ब्रिटनचा दौरा झाला. पाठोपाठ घटस्फोट होऊन वृंदही मोडला.

पुढे काटो मुख्यतः ध्वनिमुद्रण-कक्षातच रमला. योशिदा टाकुरोच्या १९७२ मधील विवाहगीताची वाद्यरचना त्याने पूर्वीच केली होती; टाकेउची मारिया हिच्यासाठी व ‘सुपर काबुकी’ नाटकांसाठीही त्याने संगीत दिले. दुसरी पत्नी, गीतकार यासुई काझुमी (मृत्यू १९९४), हिच्या गीतांवरील १९७९–८१ मधील तीन ध्वनिमुद्रिका बहामा, पश्चिम बर्लिन व फ्रान्स येथे मुद्रित झाल्या. त्या ठिकाणांची छाया त्यांच्या ध्वनीवर आहे.

‘इमजिन नदी’ची रद्द झालेली ध्वनिमुद्रिका २००२ मध्ये विक्रीस आली. तेच गीत गुंफलेल्या ‘पाच्चिगी’ (२००५) या चित्रपटाचे संगीत काटोचे आहे. कारुइझावा येथे त्याने आत्महत्या केली.