तळाचं उत्तर

समुद्राची खोली मोजायची माणसाची युक्ती हजारो वर्षं एकच होती. दोरीला शिसं बांधून खाली सोडायचं आणि किती वाव दोरी गेली ते बघायचं. शिशाच्या बुडाला खोबण असे, तिच्यात चरबी भरत. चरबीला चिकटून आलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून मुरलेले खलाशी जहाज कुठे आलंय ते सांगत. खोल समुद्रात मात्र एकेका मोजणीला तास लागत. २३ मार्च १८७५ रोजी ‘चॅलेंजर’ जहाजाची दोरी मारियाना बेटांजवळ ४,४७५ वावांवर, म्हणजे आठ किलोमीटरांहून खाली टेकली. एवढ्या खटाटोपातून नकाशावर एक आकडा चढला.

दोरीची जागा आवाजानं घेतली, ती हिमनगाच्या धास्तीनं. १९१२मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं. जर्मनीचे अलेक्झांडर बेम प्रतिध्वनीवरून हिमनग हुडकू पाहत होते. हिमनगापेक्षा तळच चांगलं उत्तर देतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. तळापर्यंत जाऊन परत यायला चार सेकंद लागले, तर तळ तीन हजार मीटरवर. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजानं दक्षिण अटलांटिकमध्ये अशा ६७ हजारांवर मोजण्या केल्या. पुढे अमेरिकेत मेरी थार्प यांनी असेच आकडे जोडून तळाची चित्रं काढली. बाई म्हणून त्यांना संशोधन-जहाजावर प्रवेश नव्हता. तरी अटलांटिकच्या डोंगररांगेमधली लांबलचक खचदरी ओळखली ती त्यांनीच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो १९४२चा प्रसंग. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे पाणबुड्या शोधण्यासाठी प्रयोग चालले होते. तळ खूप खाली असताना शेकडो मीटरांवरूनच प्रतिध्वनी येऊ लागला. हा खोटा तळ रात्री वर यायचा आणि उजाडता खाली जायचा! जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी ओळखलं, की हे जिवंत प्राणी आहेत. कोळंबीसारखे जीव आणि छोटे मासे अंधारात चरायला वर येतात, उजेडात शिकाऱ्यांपासून लपायला खाली उतरतात. अनेक माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्या आवाज परतवतात. वजनाच्या हिशेबात पृथ्वीवरचं प्राण्यांचं सर्वांत मोठं स्थलांतर हेच, आणि ते रोज घडतं.

आज आपल्या ट्रॉलरवरचं मासे दाखवणारं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. तरीही जगाच्या समुद्रतळाचा पावाहून थोडाच अधिक भाग आधुनिक यंत्रांनी नीट मोजून झाला आहे.