खासगी शिकवणी वर्गांतील शिक्षक : सेवाशर्ती

शाळा-महाविद्यालयांबाहेर फी घेऊन चालणाऱ्या वर्गांत नेमलेल्या अध्यापकांच्या कामाच्या अटी. अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा यासारख्या तालुक्याच्या गावी असे वर्ग बहुधा भाड्याच्या खोलीत, शाळेच्या आधी व नंतर भरतात. शिक्षकाचा दिवस त्यामुळे सकाळ-संध्याकाळ असा तुटतो. मोबदला तासाप्रमाणे, महिन्याला ठोक किंवा जमलेल्या फीच्या हिश्श्याने ठरतो. हिश्श्याची पद्धत सर्वांत बेभरवशाची. शेतकरी पालक कापूस-सोयाबीन विकल्यावर फी चुकती करतात; भाव पडला की थकबाकीची झळ शिकवणाऱ्यालाही बसते. परीक्षा आटोपल्यावर जूनपर्यंत अनेकांची मिळकत थांबते.

नेमणूकपत्र क्वचितच मिळते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा या वर्गांना लागू नाही. भविष्य निर्वाह निधीची सक्ती सामान्यतः २० कर्मचाऱ्यांपासून असल्याने लहान वर्ग तिच्याबाहेर राहतात. गोव्यातून गेलेल्या सुंदरांबाळ खटल्यात (१९८८) शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दाद मागण्याचा एक सोपा रस्ता त्यामुळे बंद झाला.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. साहजिकच हे काम मुख्यतः नोकरीच्या प्रतीक्षेतील डी.एड., बी.एड. व विज्ञान पदवीधरांकडे येते, आणि उमेदवार मुबलक असल्याने दर चढत नाही. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत शिक्षक किमान पदवीधर असावा आणि त्याला साप्ताहिक सुटी मिळावी, असे म्हटले आहे. वेतनाचा किमान दर त्यांत ठरवलेला नाही.