संत्र्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर?

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून संत्र्याची झाडे आणविली, असे सांगतात. पुढे ते झाड वऱ्हाडात रुजले आणि आमच्या कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यातही त्याच्या बागा झाल्या. परंतु कापूस थांबतो. तोडलेले संत्रे थांबत नाही. शिवाय कापसाला शेजारच्या कारंज्यात १८८६ सालीच नियमांचा बाजार मिळाला. संत्र्याचा सौदा बागेतच होत राहिला, आणि तेथवर नियम पोहोचले नाहीत.

जुगार तर त्याआधीच सुरू होतो. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यावा, तर पाऊस लांबला की बहार फसतो. आंबिया धरावा, तर फेब्रुवारी-मार्चची गारपीट. म्हणून फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देण्याची रीत पडली. जोखीम त्याने घेतली असे वाटते खरे. पण भाव कोसळला की तो इसारावर पाणी सोडतो आणि बाग शेतकऱ्याच्या गळ्यात परत येते. २०२३ साली बांगलादेशाने आयातशुल्क किलोला ८८ टक्यांवर नेले, तेव्हा त्याचा चटका विदर्भातल्या बांधापर्यंत आला.

आणि तोडणारे, वाहणारे? गाडी भरली नाही, तर मजुरी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारातील हमालाला नोंदणी व भविष्यनिर्वाह निधी दिला, तो लढ्यानेच. बागेत तोडणी करणाऱ्या बाईचे नाव मात्र त्या नोंदवहीत आम्हांस अजून सापडत नाही.