सार्वजनिक पैशाने राखलेला रस्ता

सम्राट अशोकाने राज्याभिषेकास २७ वर्षे झाल्यावर कोरविलेला सातवा स्तंभलेख आज दिल्लीत आहे. रस्त्यांच्या कडेने वडाची झाडे लावली, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या, विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्या, असे त्यात सांगितले आहे. हा सारा खर्च मनुष्य आणि पशू यांच्या सुखासाठी होता. त्यात वर्णाचा उल्लेख नाही. अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या, आपण मात्र लोकांनी धम्माचे आचरण करावे म्हणून त्या केल्या, असेही अशोक नम्रपणे नमूद करतो.

हीच परंपरा महाराष्ट्रातही दिसते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तापी, डहाणुका इत्यादी नद्यांवर नावांची मोफत सोय केल्याची नोंद आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने प्रवाशांसाठी निवासस्थाने बांधली. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. नाशिक, जुन्नर व कार्ले येथील विहार याच व्यापारी मार्गांच्या आधाराने उभे राहिले. कार्ल्याच्या दात्यांत सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, तसाच सुतारही आहे. वाट वाहती राहिली म्हणून कारागिरांच्या हाती पैसा आला आणि त्यातूनच त्यांचे दान घडले, असा निष्कर्ष काढणे अयोग्य होणार नाही.

पुढे जातिव्यवस्थेने रस्त्याचीच वाटणी केली. पेशवाईत सवर्ण मनुष्य समोरून येत असता अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्याने चालण्याची मुभा नव्हती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या ग्रंथात नोंदविले आहे. त्रावणकोर संस्थानात वैकम येथील मंदिराभोवतालचे रस्ते सरकारी होते. त्यांवरून ख्रिस्ती व मुसलमान जात, परंतु एळवा आणि पुलय यांना बंदी होती. त्याविरुद्ध १९२४ साली सत्याग्रह झाला. १९२५ च्या अखेरीस तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेकडील रस्ता मात्र बंदच राहिला.

या अन्यायावरचे कायदेशीर उत्तर मुंबई इलाख्यात आधीच तयार होत होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, अशी त्यात शिफारस होती. त्या ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ते कागदावरच राहिले. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सहकाऱ्यांसह तेथे जाऊन पाणी घ्यावे लागले.

ठरावातील तो निकष पुढे राज्यघटनेत स्थिरावला. शासनाच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात जातीच्या आधारे कोणालाही अटकाव करता येत नाही, हे अनुच्छेद १५(२) चे सार होय. एखादा रस्ता कोणी बांधला हे न विचारता तो कोणाच्या पैशाने राखला जातो हे विचारावे आणि त्यावरून तो सर्वांचा ठरवावा, असा या तरतुदीचा अर्थ आहे. देखभालीचा खर्च म्हणजे केवळ खडी-डांबराचा हिशेब नव्हे. त्यातून हक्क निर्माण होतो.

आजच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकलेली आहे. रुग्ण दवाखान्यात, मूल शाळेत व भाजी बाजारात वेळेवर पोहोचण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. परंतु योजनेच्या मूळ नियमांनुसार सपाट प्रदेशात बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरांच्या आतील वस्ती जोडलेली मानली जाई. आपली वस्ती तर परंपरेने गावकुसाबाहेर, पण गावाच्या जवळच असते. म्हणजे शेवटचे ४०० मीटर चिखलाचे असले, तरी नोंदीत ती वस्ती रस्त्याने जोडलेलीच ठरते.

म्हणून ग्रामसभेत दोन प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे : गावच्या रस्त्याच्या देखभालीवर यंदा किती रक्कम खर्च झाली, आणि तो रस्ता वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो काय? अशोकाच्या विहिरी वाटेवर होत्या, आणि ती वाट सर्वांची होती. राज्यघटनेने दिलेला रस्ताही तसाच सर्वांच्या दारापर्यंत गेला पाहिजे.